नवसाचा डावा पाय

"चिठ्ठीत डावा लिहिलं होतं, मी डावा केला. उद्या कुणी म्हणायला नको की वेनान्सिओला म्हातारपणी डावं-उजवं कळेना," असं पुटपुटत बेकरीवाल्यानं पुठ्ठ्याचं खोकं फिलोमेनाच्या हातात दिलं, आणि आपण होऊन खुर्ची ओढून बसला. पवित्र आत्म्याचा मुकुट घरात असताना दारात आलेल्या कुणालाही उपाशी पाठवायचं नसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रविवारी सकाळी नऊला तो सहाव्या घरी पाव पोचवत होता, आणि ही त्याची सहावी न्याहारी होती.

फिलोमेनानं झाकण उचललं. आत पाय होता. गुडघ्यापासून बोटांपर्यंत, अंडं फासून तांबूस भाजलेला, गोड पावाचा अख्खा पाय. पाचही बोटं सुटी, अंगठ्याला नखसुद्धा.

"हा कुणी सांगितला?"

"नवसाचा आहे. नाव सांगायचं नसतं," वेनान्सिओ म्हणाला, आणि पुढचं काही विचारलं जाऊ नये म्हणून तोंड भरून घेतलं.

अमेरिकेतल्या फॉल रिव्हरमध्ये पोर्तुगीज काही कमी नाहीत, पण बरेचसे अझोर्समधल्या साव मिगेल बेटावरचे. त्यांना ही पावाच्या हातापायांची रीत हसण्यासारखी वाटते. फिलोमेनाचं घराणं शेजारच्या तेर्सेरा बेटाचं. तिकडे पवित्र आत्म्याला जो अवयव बरा करायला सांगितला, त्याच अवयवाचा पाव करून मुकुटापुढे ठेवतात. लहानपणी तिनं पावाचे कान पाहिले होते, पावाची मान पाहिली होती, आणि एकदा एका आत्याबाईंनी वेदीवर ठेवलेला असा एक पाव, की ज्यावर आईनं घाईघाईनं रुमाल टाकला होता.

पाय कुणासाठी हे उघड होतं. तिची भाची फीना दोन वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये फुटबॉल खेळताना गुडघा फाटून पडली होती. नऊ महिने घरी होती, पुन्हा उभी राहिली, आणि आज तिच्या क्लबचा चॅम्पियन्स लीगचा उपांत्य सामना. पण फीनाचा फाटला होता तो उजवा गुडघा. मग हा डावा पाय कुठून उगवला?

तिनं पाय उचलून बैठकीत नेला. कोपऱ्यात पांढऱ्या कापडाच्या पायऱ्या, त्यांवर लाल फुलं, सर्वांत वर चांदीचा मुकुट आणि मुकुटावर कबुतर. ईस्टरनंतरच्या सात आठवड्यांसाठी सात घरांच्या चिठ्ठ्या निघतात, नऊ वर्षं वाट बघितल्यावर यंदा तिची चिठ्ठी निघाली होती. आदल्या संध्याकाळी तिनं मुकुट इतका घासला होता, की त्याच्या पोटात तिचं स्वतःचं नाक बटाट्याएवढं दिसत होतं. त्या बटाट्याकडे बघत तिनं पाय खालच्या पायरीवर ठेवला आणि विचार करू लागली, हे काम भावाचं, बेर्तोचं, की बहिणीचं, लुर्दीचं?

या घरात एक नियम होता आणि तो कुणी लिहून ठेवलेला नव्हता. मुकुट घरात असला की त्याच्यापुढे खोटं बोलायचं नाही. त्यामुळे त्या आठवड्यात सगळं खोटं स्वयंपाकघरात बोललं जायचं. बैठकीत कुणी अडचणीचं विचारलं, की विचारलेल्या माणसाला एकदम चुलीवरचं काहीतरी आठवायचं.

चर्चहून आल्या आल्या तिनं धाकट्या बहिणीला स्वयंपाकघरात गाठलं आणि पायाबद्दल विचारलं. लुर्दी म्हणाली, मी नाही, मला वाटलं तूच. फिलोमेनानं तिला दंडाला धरून बैठकीत नेलं आणि तेच पुन्हा विचारलं. लुर्दीनं तेच उत्तर दिलं. म्हणजे खरं होतं.

"पण मेना, ते सोड," लुर्दी परत आत येत हळू आवाजात म्हणाली. "सामना संपला की फीना फोन करणार आहे. तोंड दिसणारा फोन. म्हणाली, मुकुट दाखव आणि मुकुटाशेजारी वावोला बसव. मग ती विचारणार."

काय विचारणार, ते फिलोमेनाला सांगावं लागलं नाही. पाच वर्षं फीना दर सामन्यानंतर आईला एकच विचारायची, वावोनं बघितला का? आणि लुर्दी वरच्या मजल्यावरच्या आपल्या स्वयंपाकघरातून सांगायची, बघितला, अगदी शेवटपर्यंत. खरं म्हणजे वावोनं, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, आदेलिनोनं, नातीचा एकही सामना एक मिनिटसुद्धा बघितला नव्हता. सामना लागला की म्हातारा मागच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली जाऊन बसे आणि नसलेल्या फांद्या छाटे. लोक म्हणत, त्याला बायकांचा खेळ आवडत नाही. आज तर समोर लिस्बनचा लाल क्लब होता, ज्याच्यासाठी त्यानं गिरणीत पाळ्या बदलून घेतल्या होत्या आणि ज्याच्या हरण्यावर घरात दोन दिवस कुणी मोठ्यानं शिंकत नसे.

"मुकुटापुढे मला 'हो' म्हणता यायचं नाही," लुर्दी म्हणाली, "आणि 'नाही' म्हणवायचं नाही. एक मिनिट बघू देत, मेना. फक्त एक."

"म्हणून तर टीव्ही खाली आणलाय," फिलोमेना म्हणाली.

हा तिचा डाव होता आणि तिला त्याचा थोडा गर्व झाला होता. मुकुटाला एकटं ठेवायचं नाही म्हणून तिनं फ्रिजवर पाळ्यांची यादी चिकटवली होती. रविवारी बारा ते दोन ही पाळी वडिलांना आठ दिवस आधी दिली होती, त्यांनी आनंदानं घेतलीही होती. सामना बाराला आहे, हे त्यांना सांगायचं राहिलं होतं. मग वेदीला जागा करायला वर नेलेला टीव्ही शनिवारी पुन्हा बैठकीत आला. वरची केबल बिघडली, असं तिनं सांगितलं होतं. अर्थात स्वयंपाकघरात.

बेर्तो आला तो बायकोला माहेरी सोडून, भूक घेऊन. साठीचा, छपरं बसवणारा, अंगानं आडवा. बैठकीच्या भिंतीवर त्याचा फोटो होता, इथल्या पोर्तुगीज क्लबच्या मैदानावर मारलेल्या गोलचा. तो एकच गोल चाळीस वर्षं चालला होता. सुरुवातीला तो दहा फुटांवरून मारलेला होता, आता मैदानाच्या मध्यापर्यंत आला होता. पाय पाहून तो म्हणाला, डावा कसा? वेनान्सिओ संपला, बेकरी मुलाच्या हाती द्यावी. मग त्यानं फिलोमेनाकडे संशयानं पाहिलं आणि विचारलं, तूच ना? तिनं उत्तर न देता त्याच्या स्वेटरची कॉलर दोन बोटांनी खाली केली. आत लाल जर्सी होती.

"भाची खेळतेय, बेर्तो."

"भाची जिंकावी. पण लाल हरू नयेत," तो म्हणाला. मुकुटापुढे यापेक्षा खरं बोलणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं ते सोडून दिलं.

शेजारच्या ओलिंडाबाई आल्या. त्या साव मिगेलच्या, चार महिन्यांपूर्वीच या गल्लीत राहायला आलेल्या. त्या पायाभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, आमच्याकडे मेणबत्ती लावतात, ती खावी लागत नाही. मग मांडीवर सोपासची ताटली घेऊन बसल्या. शिळ्या पावावर ओतलेला मांसाचा रस्सा, वर पुदिना. पहिल्या घासानंतर त्यांनी तेर्सेरावाल्यांना माफ केलं.

बाराला पाच कमी असताना आदेलिनो खालच्या मजल्यावरून काठी टेकत आला. चौऱ्याऐंशी वर्षांचा, काळा कोट, गळ्यापर्यंत बटणं. त्यानं टीव्ही पाहिला. टीव्हीवर लाल जर्सीतल्या पोरी आणि पांढऱ्या जर्सीतल्या पोरी रांगेत उभ्या होत्या. त्यानं मोठ्या मुलीकडे पाहिलं.

"आवाज बंद ठेवलाय, पापा," फिलोमेना म्हणाली. "मुकुटाचा मान राखायला."

 म्हाताऱ्यानं खुर्ची उचलली, वेदीसमोर नेली, टीव्हीकडे पाठ केली आणि मुकुटापासून हातभर अंतरावर बसला. खिशातून जपमाळ काढली. लुर्दीनं बहिणीकडे जो कटाक्ष टाकला, त्यात आठ दिवसांची सगळी कारस्थानं धुऊन गेली.

उपांत्य फेरीचा पहिला सामना लिस्बनमध्ये दोन-दोन बरोबरीत सुटला होता, त्यामुळे आज जो जिंकेल तो अंतिम सामन्याला. फीना बाकावर होती. गुडघ्यानंतर तिला शेवटच्या अर्ध्या तासाला उतरवायचे. पहिल्या अर्ध्या तासात काहीच घडलं नाही, पण बैठकीत बरंच घडलं. लुर्दी वडिलांजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, मान दुखेल तुमची, खुर्ची जरा वळवू का? म्हातारा म्हणाला, परमेश्वराकडे बघून मान दुखत नाही. मग बेर्तोनं युक्ती केली. हळहळत म्हणाला, पापा, लालांची ती सात नंबरची काय खेळतेय, तुमच्या वेळचा कुणीतरी आठवतो. हा लुर्दीच्या बाजूनं केलेला पहिलाच डाव होता, तिला भरून आलं. म्हाताऱ्यानं जपमाळेचा एक मणी पुढे सरकवला. मग लालांनी एकदा खांबाला बॉल मारला, बेर्तो खुर्चीतून अर्धा उठला, स्वेटर वर गेला, लाल पोट सगळ्यांना दिसलं आणि बहीण-भावाची युती तिथंच मोडली.

फिलोमेना मात्र वडिलांकडे बघत होती. काहीतरी जमत नव्हतं. मणी सरकत होते, पण ओठ हलत नव्हते. बॉल लालांच्या गोलपुढे गेला की म्हाताऱ्याची काठी घट्ट धरली जात होती. आणि कॉर्नरच्या वेळी त्याचा बूट जमिनीवर हळूच पुढे सरकला, जसा गर्दीत पाऊल रोवताना सरकतो. पाठीला डोळे नसतात. तिला वाटलं, बेर्तोच्या श्वासावरून ओळखत असतील.

मध्यंतरात ओलिंडाबाईंनी ताटली पुन्हा पुढे केली आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं. भाची मामावर गेली म्हणायची, त्या म्हणाल्या. बेर्तोनं नम्रपणे मान झुकवली. मग त्यांनी लुर्दीला विचारलं, आणि तू गं, तू कधी खेळलीस का?

बैठकीत चुलीवरचं काहीतरी एकदम तिघांनाही आठवलं, पण कुणाला उठायला वेळ मिळाला नाही.

"खेळायची," बेर्तोच बोलला. "पोरांच्यात खेळायची. मग सोळाव्या वर्षी पाय मोडला तिचा, डावा. नाहीतर..."

"नाहीतर" नंतर या घरात कधीच काही येत नसे. अडतीस वर्षं ते वाक्य तिथंच थांबायचं. पाय मोडला, हे खरं होतं. म्हणून मुकुटापुढेसुद्धा बोलता येत होतं. लुर्दी उठली, पुदिना आणते म्हणाली आणि आत गेली. पुदिना टेबलावर होता.

फिलोमेनाला आठवलं, त्या वर्षी एका कॉलेजची प्रशिक्षक बाई घरी आली होती. आईनं तिला केक दिला होता. बाईनं लुर्दीच्या डाव्या पायाकडे असं पाहिलं होतं, जसं लोक विकत घ्यायच्या घराकडे बघतात. नंतर प्लास्टर, नंतर वडील म्हणाले, पुरे आता. आईनं त्यावर कधी मान वर केली नाही, आणि आता ती सांगायला उरलीही नव्हती.

उत्तरार्धात त्रेसष्टाव्या मिनिटाला फीना उतरली. बाहेर जाणाऱ्या पोरीचे हात हातात घेतले, उजव्या गुडघ्यावरची पट्टी वर ओढली आणि धावत सुटली. लुर्दी टीव्हीसमोर उभी राहिली ती बसलीच नाही. ओलिंडाबाईंनी तिला दोनदा सांगितलं की तू काचेची नाहीस.

आणि ऐंशीव्या मिनिटाला, चौकटीच्या बाहेर, फीनाकडे बॉल आला. तिनं एकीला डावीकडे पाठवलं, स्वतः उजवीकडे गेली आणि मारला. आवाज बंद होता, त्यामुळे गोल झाल्याचं आधी त्यांना जाळ्यानं सांगितलं. मग लुर्दीनं. मग बेर्तोनं, जो लाल जर्सीसकट उड्या मारत होता आणि भाचीचं नाव घेत होता. ओलिंडाबाईंचा रस्सा कार्पेटवर गेला.

त्या सगळ्या गोंधळात म्हाताऱ्याचा आवाज आला, खालच्या पट्टीत, स्वतःशी बोलल्यासारखा.

"डाव्यानं. बघा. डाव्यानंच मारला."

बेर्तो हसत म्हणाला, "उजव्यानं मारला, पापा. ती उजव्याच पायाची आहे." मग त्याला कळेना आपण हे पाठमोऱ्या माणसाला का सांगतोय.

टीव्हीवर तोच गोल पुन्हा दाखवत होते, सावकाश. उजवा पाय, अगदी स्पष्ट. फिलोमेना वडिलांच्या मागे गेली, त्यांच्या खांद्याजवळ वाकली आणि ते बघत होते तिथं बघितलं. मुकुटाच्या घासलेल्या पोटात, जिथं सकाळी तिचं नाक होतं, तिथं काडेपेटीएवढं हिरवं मैदान होतं. त्यावर तांदळाएवढ्या पांढऱ्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या. आणि आरशात जसं होतं तसं त्या मैदानावर सगळं उलटं होतं. तिथं फीना डाव्या पायानं खेळत होती.

"पापा," ती म्हणाली, "तुम्ही पहिल्यापासून बघताय."

म्हातारा मुकुटाकडेच बघत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. लुर्दी जवळ आली. तिनंही वाकून बघितलं, बराच वेळ बघितलं.

"मला वाटलं, लुर्दी खेळतेय," आदेलिनो म्हणाला. "तसाच पाय टाकते. तसंच खांदा पाडून फसवते."

"लुर्दीचा पाय मोडला होता, पापा," बेर्तो म्हणाला. सवयीनं, समजूत घालावी तसं.

"बरा झाला होता." म्हाताऱ्यानं काठीचं टोक खालच्या पायरीवर, पावाच्या पायाशेजारी टेकवलं. "हा मी सांगितला. डावाच सांगितला. वेनान्सिओ चुकला नाही."

 टीव्हीवर दहा मिनिटं उरली होती, आणि लाल पोरी बॉल घेऊन पळत मध्यावर येत होत्या.

"डॉक्टर म्हणाला होता, लंगडेल. मी क्लबच्या हॉलमध्ये गेलो, हाच मुकुट होता. पावाचा पाय बोलायला हवा होता, सगळे तेच बोलतात. पण मी घाबरलो होतो. म्हटलं, मोठं काहीतरी द्यावं. आणि माझ्याकडं मोठं असं काही नव्हतं." त्यानं लुर्दीकडे बोट केलं. "हिच्याकडं होतं. म्हणून हिचंच दिलं. पाय सरळ होऊ दे, ही पुन्हा खेळणार नाही, असं बोललो. महिन्यात सरळ झाला. डॉक्टर म्हणाला, पळू दे."

लुर्दी उभीच होती. "मला वाटायचं, तुम्हाला माझी लाज वाटते."

"तुझ्या आईनं सांगितलं होतं, तिला सांग. मी म्हटलं, सांगितलं तर ती पळेल, पळाली तर नवस मोडेल, आणि पाय पुन्हा जाईल. मग तुझी पोरगी पळायला लागली. मी म्हटलं, मी बघितलं नाही तर वरचाही बघणार नाही. तरी तिचा गुडघा गेला." त्यानं जपमाळ खिशात घालायचा प्रयत्न केला, खिसा सापडेना. "म्हणून हा पाय आणलाय. अडतीस वर्षं उशिरा. म्हटलं, हा घे, आणि हिचं ते परत दे."

ओलिंडाबाईंच्या हातातला चमचा तसाच होता. बेर्तोनं घसा साफ केला.

"पापा, हे आपण आत जाऊन बोलू या का?" आत म्हणजे स्वयंपाकघरात.

"नको," लुर्दी म्हणाली. "इथंच." तिनं वडिलांची खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि म्हाताऱ्यासकट, चारी पाय जमिनीवर खरखरत, पूर्ण वळवली. आता त्याच्या समोर टीव्ही होता, भिंतीवर बेर्तोचा गोल होता, आणि मधे ती. चोपन्न वर्षांची, एप्रनला रस्सा लागलेली.

"कशी खेळायचे मी? मुकुट मागेच आहे, पापा. नीट सांगा."

आदेलिनोनं फोटोकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. फिलोमेनाला वाटलं, आता त्यांनाही चुलीवरचं काहीतरी आठवणार.

"माफ कर, बेर्तो," म्हातारा म्हणाला. "या घरात फुटबॉल एकटीलाच येत होता. आणि तिला मी घरी बसवलं."